राजवाड्यापासून ग्रंथालयापर्यंत : श्रीमंत महाराजा सयाजीराव गायकवाड

बडोदे शहर पाहावयास आलेल्या पाहुण्याला आपण बहुधा ठरलेल्या क्रमाने फिरवितो. आधी लक्ष्मीविलास राजवाडा, मग कमाटीबाग आणि तिच्यातील संग्रहालय, वाटेत सुरसागर व न्यायमंदिर, वेळ उरलाच तर कीर्तिमंदिर. दुसरा दिवस हाताशी असेल तर आजव्याचा तलाव नाही तर डभोईचे दरवाजे. पाहुणा संतुष्ट होऊन परततो आणि एका श्रीमंत संस्थानिकाचे वैभव पाहिले, असे आपल्या गावी जाऊन सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नसते. पण ते अपुरे असते. या वास्तू ज्या क्रमाने उभ्या राहिल्या, त्या क्रमाने त्यांच्याकडे पाहिले म्हणजे एका माणसाच्या शिक्षणाची हकीकत आपल्यापुढे उलगडत जाते. त्या हकीकतीचा सर्वांत महत्त्वाचा भाग मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या इमारतीत आहे, आणि पाहुण्यांच्या यादीत ती इमारत सहसा नसते. शताब्दीच्या या ग्रंथात महाराजांचे चरित्र सांगावयाचे तर ते याच वाटेने सांगणे उचित होईल.

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा खेड्यात झाला. त्यांचे मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतील, शेतीभातीवर निर्वाह करणारे गृहस्थ होते. इकडे बडोद्यास मल्हारराव महाराजांच्या कारभाराविरुद्ध तक्रारी वाढत गेल्या, रेसिडेंटावर विषप्रयोग केल्याचा आरोप त्यांच्यावर आला, आणि एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची अनुमती मिळाली. घराण्याच्या शाखांतून मुलांचा शोध सुरू झाला व बारा वर्षांच्या गोपाळरावांची निवड झाली. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान होऊन ते सयाजीराव झाले. गुरे राखणाऱ्यांच्या सोबतीत वाढलेल्या या मुलाला तोवर अक्षरओळखही जवळजवळ नव्हती.

यानंतरची सहा वर्षे अभ्यासाची होती. इलियट नावाचे इंग्रज अधिकारी त्यांचे शिक्षक नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदमच शिकावयाच्या होत्या. ज्या वयात इतर मुले प्राथमिक शाळा संपवून पुढे गेलेली असतात, त्या वयात बाराखडीपासून आरंभ करण्याचे कष्ट काय असतात, हे महाराजांनी स्वतः अनुभविले. पुढे राज्यातील प्रत्येक मुलाच्या हाती पाटी देण्याचा त्यांनी जो ध्यास घेतला, त्याचे मूळ या उशिरा सुरू झालेल्या अभ्यासात शोधणे चुकीचे ठरू नये.

राज्याचा कारभार या काळात दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. त्रावणकोर व इंदूर येथील दिवाणगिरीचा अनुभव घेऊन आलेल्या या मुत्सद्द्याने विस्कटलेला जमाखर्च सावरला आणि शहराच्या नव्या रचनेचा पायाही घातला. विश्वामित्री नदीच्या काठी १८७९ साली कमाटीबाग तयार झाली. शंभराहून अधिक एकरांचा हा विस्तार राजवाड्याच्या भिंतीआड न ठेवता आम जनतेसाठी खुला करण्यात आला. १८८१ मध्ये बडोदे कॉलेज सुरू झाले. या कॉलेजच्या इमारतीचा भव्य घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देतो. पुढे अरविंद घोष याच कॉलेजात अध्यापक होते. १९४९ साली येथे महाराजांच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे मूळ बीज हेच कॉलेज होय.

लक्ष्मीविलास राजवाड्याचे कामही याच काळातले. त्याचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या दोन वास्तूंतील भाऊबंदकी सहज ओळखू येईल, कारण तोही मँट यांच्याच कल्पनेतून उतरला आहे. १८८१ मध्ये मँट यांचे निधन झाले आणि उरलेले काम रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेले. १८९० च्या सुमारास राजवाडा पुरा झाला. हिंदू, मुसलमानी आणि युरोपीय अशा तिन्ही पद्धतींच्या कमानी, घुमट, छत्र्या आणि मनोरे यांत एकत्र नांदतात. दरबार हॉलची जमीन व्हेनिसच्या कारागिरीची असून खिडक्यांना रंगीत काचा आहेत. नाव मात्र महाराजांच्या प्रथम पत्नीचे. तंजावरच्या राजकन्या लक्ष्मीबाई १८८० मध्ये विवाह होऊन बडोद्यास आल्या आणि चिमणाबाई या नावाने राणीपदी बसल्या. राजवाडा पुरा झालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १८८५ मध्ये त्या निवर्तल्या. महाराजांचे वय त्या वेळी अवघे बावीस वर्षांचे होते. पुढे देवासच्या घाटगे घराण्यातील गजराबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच दुसऱ्या चिमणाबाई होत. स्त्रीशिक्षणाच्या कार्यात त्यांनी महाराजांना आयुष्यभर साथ दिली.

पहिल्या राणीसाहेबांची स्मृती शहरात दोन ठिकाणी उभी आहे. रावपुऱ्यातील घड्याळाचा टॉवर हे एक आणि सुरसागराजवळचे न्यायमंदिर हे दुसरे. आरंभी बाजारासाठी म्हणून योजलेली ही इमारत चिझम यांच्या हातची. १८९६ मध्ये तिचे उद्घाटन झाले आणि पुढे तिच्यात न्यायालये भरू लागली. मधल्या मोठ्या दालनात चिमणाबाईंचा संगमरवरी पुतळा आहे. मुमताजसाठी शाहजहानाने कबर बांधली. सयाजीरावांच्या राणीचे नाव मात्र अशा वास्तूला लाभले की जेथे शतकाहून अधिक काळ गरीबगुरीब आपली दाद मागावयास येत राहिले. न्यायालये २०१८ मध्ये नव्या संकुलात गेली, परंतु इमारतीचे नाव लोकांच्या तोंडी तेच राहिले.

२८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. त्या समारंभाच्या सुमारास राजा रविवर्मा बडोद्यास आले व त्यांनी राजघराण्यातील व्यक्तींची चित्रे रेखाटली. पुढे नव्या राजवाड्यासाठी महाराजांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. ती राजवाड्यात लागण्यापूर्वी सामान्य लोकांसाठी मांडण्यात आली, आणि देवदेवतांची ती रूपे पाहण्यास लोकांनी गर्दी केली. चित्र ही वस्तू राजाच्या दिवाणखान्यापुरतीच असावी की लोकांचीही असावी, हा प्रश्न येथे प्रथमच पुढे आला असे म्हणता येईल. राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंहराव संग्रहालयात आज रविवर्म्याची अनेक चित्रे पाहावयास मिळतात. ही इमारत मुळात राजघराण्यातील मुलांची शाळा होती, हेही पाहुण्यास आवर्जून सांगावे.

राजवाडा बांधून होत असतानाच महाराजांचे लक्ष शहरवासीयांच्या पाण्याकडे वळले होते. विहिरी आणि तलाव यांच्या पाण्यावर शहराची तहान भागत नसे, आणि रोगराईचे मूळही पुष्कळदा त्या पाण्यातच असे. शहरापासून सुमारे २० किलोमीटर अंतरावर सूर्या नदीच्या पाण्याचा संचय करून आजवा येथे विशाल जलाशय बांधण्यात आला. जमिनीच्या स्वाभाविक उतारानेच पाणी नळांतून शहरापर्यंत यावे अशी त्याची योजना होती. १८९२ मध्ये बडोदेकरांच्या घरी हे पाणी आले. आजव्यास आज लोक बागा व कारंजी पाहण्यासाठी सहलीला जातात. त्या बागा मागाहून झाल्या. तलाव मात्र सव्वाशे वर्षे उलटून गेल्यावरही शहराला पाणी पुरवीत आहे.

१८८७ मध्ये महाराजांनी युरोपचा पहिला प्रवास केला. निद्रानाश व प्रकृतीच्या इतर तक्रारी यांमुळे वैद्यांनी हवापालट सांगितला होता. त्यानंतर मात्र प्रवास हा त्यांच्या शिक्षणाचाच भाग बनला. युरोप, अमेरिका व जपान येथील शाळा, कारखाने, संग्रहालये आणि ग्रंथालये त्यांनी जिज्ञासू विद्यार्थ्याप्रमाणे पाहिली. महाराज फार काळ परदेशी राहतात, अशी टीका त्यांच्यावर झाली, आणि तिच्यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु प्रत्येक प्रवासाहून ते काही ना काही बडोद्यासाठी घेऊन आले. १८९० मध्ये प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या साहाय्याने कलाभवन सुरू झाले. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम यांसारखे धंदे तेथे शास्त्रशुद्ध पद्धतीने शिकविले जात. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे याच संस्थेचे विद्यार्थी.

कमाटीबागेतील संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. शेजारच्या चित्रशाळेचे काम १९०८ ते १९१४ या काळात झाले. तिच्यासाठी युरोपीय चित्रकारांच्या कृती स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाच्या सल्ल्याने निवडण्यात आल्या होत्या. परंतु पहिले महायुद्ध सुरू झाल्याने त्या तिकडेच अडकल्या, आणि चित्रशाळा लोकांस खुली व्हावयास १९२१ साल उजाडले. इजिप्तची ममी, मोगल लघुचित्रे आणि महाराजांच्या पश्चात आलेला देवमाशाचा प्रचंड सांगाडा यांपुढे मुलांची पावले थबकतात. जाणत्याने मात्र अकोट्याच्या जैन ब्राँझमूर्ती चुकवू नयेत. शहराच्याच एका भागात १९५१ मध्ये सापडलेल्या या मूर्तींनी बडोद्याचे प्राचीनत्व दीड हजार वर्षांमागे नेले.

जुन्याविषयीची ही आस्था शहराच्या वेशीपुरती नव्हती. डभोईच्या तटबंदीचे तेराव्या शतकातील दरवाजे, त्यांतील हिरा भागोळीचे कोरीव काम, आणि मेहसाणा प्रांतातील मोढेऱ्याचे सूर्यमंदिर ही सारी त्या वेळी बडोदे राज्यातील स्थळे होती. डभोईच्या वास्तूंवर बर्जेस व कझिन्स यांचा सचित्र ग्रंथ १८८८ मध्ये निघाला. १९३४ मध्ये राज्याचे स्वतंत्र पुराणवस्तू खाते हीरानंद शास्त्री यांच्या हाताखाली सुरू झाले.

मात्र पाहण्याजोग्या वस्तू जमविल्या, तरी त्या पाहण्याची दृष्टी शिक्षणाशिवाय येत नाही, हे महाराज जाणून होते. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील दहा गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला. १९०६ मध्ये तो सर्व राज्याला लागू करण्यात आला. हिंदुस्थानात हे पाऊल उचलणारे बडोदे हे पहिले राज्य. पण शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती पुस्तक आले नाही, तर चार वर्षांत तो शिकलेले विसरेल, ही अडचण लौकरच ध्यानात आली. अमेरिकेच्या प्रवासात सार्वजनिक ग्रंथालये महाराजांनी पाहिली होतीच. न्यू हेवन येथील ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना त्यांनी १९१० मध्ये बडोद्यास आणले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. तेवढ्या काळात एका संपूर्ण राज्याची ग्रंथालयव्यवस्था आकारास आली.

तिची रचना आजही अभ्यासण्याजोगी आहे. शहरात मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली प्रांतांची व तालुक्यांची ग्रंथालये आणि सर्वांत खाली खेड्यांची. गावाने वर्गणी जमवावी, तेवढीच रक्कम पंचायतीने द्यावी व तेवढीच सरकारने, असा तिघांचा वाटा ठरला होता. त्यामुळे ग्रंथालय ही सरकारी देणगी न राहता गावाची स्वतःची वस्तू होई. ज्या गावी तेही जमत नसे, तेथे लाकडी पेट्यांतून फिरते ग्रंथालय जाई. स्त्रियांसाठी वेगळा विभाग, मुलांसाठी वेगळे दालन, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे व चलत्चित्रे दाखविणारी शाखा, असा सर्वांचा विचार त्यात होता. महाराजांनी आपल्या खाजगी संग्रहातील हजारो पुस्तके या ग्रंथालयास देऊन टाकली. त्यांचे बंधू संपतराव यांचा संग्रहही याच ग्रंथालयाच्या उभारणीस उपयोगी पडला. मांडवीजवळची आजची इमारत १९३१ मधील. लोखंडी मांडण्या आणि मजल्यामजल्यातून उजेड खाली झिरपावा म्हणून घातलेली जाड काचेची जमीन पाहताना, राजवाड्यातील रंगीत काचांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तेथील काच शोभेसाठी होती. येथील काच वाचकाला पुस्तकाचे नाव नीट दिसावे यासाठी आहे.

याच काळात संस्कृत हस्तलिखितांचे प्रकाशन करणारी गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली, आणि तिच्यातून पुढे प्राच्यविद्यामंदिर उभे राहिले. मराठी व गुजराती भाषांत उपयुक्त ग्रंथ निर्माण व्हावेत म्हणून सयाजी साहित्यमाला व सयाजी बालज्ञानमाला निघाल्या. गोविंद सखाराम सरदेसाई महाराजांच्या सेवेत होते. राजपुत्रांना इतिहास शिकविण्यासाठी त्यांनी केलेल्या टिपणांतून रियासतीचा उगम झाला. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने बडोद्यास भरली. १९३२ च्या कोल्हापूर संमेलनाचे अध्यक्षपद स्वतः महाराजांनी भूषविले. बारा वर्षांपर्यंत ज्याला बाराखडी येत नव्हती, त्या मुलाचा हा सन्मान होता.

येथवरचे चरित्र एका यशस्वी राजाचे झाले. परंतु त्याला दुसरी बाजूही आहे, आणि तिचे स्थळही कमाटीबागेतच आहे. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी महाराजांनी १८८०च्या दशकाच्या आरंभीच शाळा काढल्या होत्या. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधराला त्यांनी अमेरिकेतील उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. शिक्षण घेऊन ते १९१७ मध्ये करारानुसार बडोदे सरकारच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहण्यास जागा मिळेना. एका पारशी वसतिगृहात त्यांनी काही दिवस काढले. त्यांची जात कळताच लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. मित्रांच्या घरचे दरवाजेही उघडले नाहीत. मुंबईची गाडी रात्रीची होती. मधला वेळ त्यांनी कमाटीबागेत बसून काढला व त्या रात्री शहर सोडले.

ज्या बागेचा दरवाजा सर्वांना उघडा होता, त्या बागेत राज्यातील एक सर्वांत सुशिक्षित अधिकारी निराधार बसला होता, आणि त्याच बागेच्या संग्रहालयात जगभरच्या वस्तूंना जागा होती. हा विरोध डोळ्यांआड करून महाराजांचे चरित्र लिहिणे हा त्यांच्याच न्यायबुद्धीचा अवमान ठरेल. राजाज्ञेने शाळा उघडता येते, शिष्यवृत्ती देता येते. शेजाऱ्याच्या घराची कडी मात्र राजाज्ञेने निघत नाही. महाराजांनी आपला प्रयत्न सोडला नाही. १९३२ मध्ये राज्यातील सरकारी देवळे त्यांनी अस्पृश्यांना खुली केली. पण १९१७ च्या त्या दिवशी बडोदे शहर आपल्या राजाच्या फार मागे होते, हे मान्य करावेच लागेल. बागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते, आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे मोठा जनसमुदाय जमतो.

महाराजांच्या उत्तरायुष्यात घरगुती दुःखे पुष्कळ आली. युवराज फत्तेसिंहराव १९०८ मध्ये, शिवाजीराव १९१९ मध्ये आणि जयसिंहराव १९२३ मध्ये निधन पावले. तीन तरुण मुलगे डोळ्यांदेखत गेले, तरी कारभारातील त्यांची नियमितता ढळली नाही. १९३६ मध्ये राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव झाला. त्या प्रसंगी खेड्यांच्या उन्नतीसाठी त्यांनी एक कोटी रुपयांचा निधी वेगळा काढला. विश्वामित्रीच्या काठावरील कीर्तिमंदिर हेही त्याच सालचे. गायकवाड घराण्यातील पूर्वजांच्या स्मृतीसाठी बांधलेल्या या वास्तूच्या भिंतींवर शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरण, मीरेचे जीवन, महाभारतातील युद्ध आणि नटीर पूजा हे विषय रंगविले. ते काम पुरे झालेले पाहण्यास महाराज नव्हते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्रेसष्ट वर्षांची कारकीर्द संपली, आणि नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. १ मे १९४९ रोजी राज्यही मुंबई प्रांतात विलीन झाले.

राज्य गेले, तरी पाणी, बाग, संग्रहालय आणि ग्रंथालय ही राहिली, कारण ती राजाच्या नावावर असली तरी लोकांच्या वापरात होती. यापुढे पाहुण्यांना शहर दाखविताना आपण दोन ठिकाणांची भर घालावी, असे सुचवावेसे वाटते. कमाटीबागेत शिरल्यावर संग्रहालयाकडे वळण्यापूर्वी संकल्पभूमीवर दोन मिनिटे थांबावे. आणि परतण्यापूर्वी मांडवीजवळच्या ग्रंथालयात काचेच्या जमिनीवर उभे राहून वर-खाली एकदा पाहावे. महाराजांनी काय साधले हे दुसऱ्या ठिकाणी कळते. काय त्यांच्या हातून होऊ शकले नाही आणि आपल्यावर सोपविले गेले, ते पहिल्या ठिकाणी कळते. ग्रंथालयाचे सभासद म्हणून आपण ज्या पुस्तकांची देवघेव करतो, तिचा हेतू याच उरलेल्या कामाशी जोडलेला आहे, याचे स्मरण शताब्दीच्या वर्षी ठेवले, तर या थोर वाचनप्रेमी राजाला आपण योग्य मानवंदना दिली असे होईल.